भुताचे भावजी

सोपानदादा गेले तो बुधवार होता. सोमाटणे फाट्यावर ते कंपनीच्या बसची वाट पाहत होते. बस आली. बाकीचे चढले. दादा बाकावर बसून राहिले. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न वाजवला.

मला ते गुरुवारी कळलं. गुरुवारी त्यांच्या कंपनीला सुट्टी असायची आणि सुट्टीच्या दिवशी ते तळेगावहून लोकलनं लोणावळ्याला, मी काम करते त्या वाचनालयात येत. मी त्यांच्यासाठी एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं होतं. फोन आला. ऐकून झाल्यावर मी ते पुस्तक परत कपाटात, त्याच्या क्रमांकाच्या जागी लावलं. त्या वेळी एवढंच सुचलं.

दादांनी आयुष्यात एक चित्रपट काढला. भुताचा. त्याचं नाव ‘गोठ्यामागं’. तो लोणावळ्यात एका शुक्रवारी दुपारी लागला आणि त्याच दुपारी उतरला. दादांबद्दल लिहायचं तर या चित्रपटाबद्दलच लिहावं लागतं, कारण बाकीची सत्तावीस वर्षं त्यांनी लोखंडाचे तुकडे तपासले आणि त्या तुकड्यांबद्दल मला फारसं ठाऊक नाही.

ते परंदवडीचे. नवलाख उंबऱ्याला गाड्यांचे सुटे भाग करणारा एक कारखाना आहे, तिथं ते तपासणीला होते. समोरून तुकडा येणार, दादा त्याच्या भोकात गेज घालणार. गेज म्हणजे लोखंडी माप. त्याचं एक टोक भोकात गेलं पाहिजे आणि दुसरं टोक जाता कामा नये. तसं झालं की तुकड्यावर पिवळ्या मार्करचा ठिपका, म्हणजे पास. नाही झालं तर लाल खोक्यात, म्हणजे रिवर्क. काहीच ठरत नसेल तर बाजूच्या फळीवर, म्हणजे होल्ड. जगात याहून चौथं काही असतं असं त्यांना वाटत नसे. पुतणीला बघायला आलेला मुलगा त्यांनी होल्डवर ठेवला होता. आमच्या वाचनालयातली एक करकरणारी खुर्ची त्यांनी पहिल्याच दिवशी उलटी करून पाहिली, “रिवर्क,” म्हणाले आणि पुढच्या गुरुवारी खिशातून स्क्रू घेऊन आले. खुर्ची करकरायची थांबली. तिच्या बैठकीखाली पिवळा ठिपका आहे.

ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “ताई, भीतीवर काय हाय का?”

“कसली भीती?”

थोडा विचार करून ते म्हणाले, “चांगल्या दर्जाची.”

मी भुताखेतांच्या कथांची चार पुस्तकं दिली. पंधरा दिवसांनी ती परत आली तेव्हा समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘दचकलो नाही.’ ‘दचकलो नाही.’ ‘इथे दार कोणी लावले? लेखकाने सांगितलेले नाही.’ ‘दचकलो नाही.’ एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर फक्त ‘रिवर्क’ होतं. वाचनालयाच्या पुस्तकात कुणी लिहिलेलं मला खपत नाही. मी तसं सांगितलं. पुढच्या खेपेला ते खोडरबर घेऊन आले आणि दोन गुरुवार कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून चारही पुस्तकं पान न पान स्वच्छ केली. जाताना म्हणाले, “ताई, खोडताना परत वाचली. तरी न्हाई.”

पुढं ओळख वाढल्यावर त्यांनी खरं कारण सांगितलं. दादा कधीच दचकलेले नव्हते. लहानपणी संध्याकाळी पोरं त्यांच्या घराच्या गोठ्यामागं जायची, काहीतरी खसफसलं की ओरडत पळायची आणि अंगणात येऊन एकमेकांना मिठ्या मारायची. दादा गोठ्यामागंच उभे राहायचे. “मी बघायचो, काय न्हवतंच तितं. मग मी परत यायचो, तवर समद्यांच्या मिठ्या मारून झालेल्या असायच्या.” हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. तपासणीत आढळलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. पन्नाशी उलटल्यावर त्यांच्या मनानं घेतलं होतं की आपल्याला जमलं नाही ते निदान दुसऱ्याला द्यावं. एका तरी माणसाला आपण नीट, दर्जेदार घाबरवावं.

“पण त्यासाठी चित्रपट कशाला?” मी विचारलं.

“रडवायला नट लागतो. हसवायला डोकं लागतं. घाबरवायला नुसता अंधार लागतो ताई, आणि अंधार आमच्याकडं लय हाय.”

चित्रपटाची संहिता त्यांनी मला शुद्धलेखन तपासायला दिली. तो कारखान्यातल्या तपासणी पत्रकाच्या कोऱ्या पाठीवर आखलेला तक्ता होता. सीन क्रमांक, भीतीचे कारण, अपेक्षित परिणाम, मोजण्याची पद्धत, निकाल. नवव्या ओळीत लिहिलं होतं: मागून आवाज, दचकणे, एक, नजरेने. गोष्ट साधी होती. गोठ्यामागं एक बाई दिसते, तिला जो बघतो तो घरी परत येत नाही. सर्वांत खाली अख्ख्या चित्रपटाचं माप दिलं होतं: एक अनोळखी इसम दचकल्यास पास.

“अनोळखीच कशाला?” मी विचारलं.

“गावातला धरायचा न्हाई. गावातला माझा मान राखायला पण दचकंल.”

भुताच्या भूमिकेसाठी पुण्याच्या एका नाटकमंडळीतली बाई ठरली होती. ती एकदाच आली. गोठा दादांच्या चुलतभावाचा, बाळूचा. त्यात एकच म्हैस. पांढऱ्या साडीतली परकी बाई गोठ्यामागं जाऊन उभी राहिल्याबरोबर म्हशीनं दावं तोडलं. दुसऱ्यांदा उभी राहिली, तेव्हा म्हैस तिच्या मागं थेट मारुतीच्या देवळापर्यंत गेली. बाईंनी तिथूनच रिक्षा केली. म्हशीला दुसरीकडं बांधून पाहिलं तर ती एवढी हंबरायची की आवाज घेता येईना. शेवटी ठरलं ते असं, की म्हशीला चालेल तीच बाई भूत होणार. म्हशीला एकच बाई चालत होती. तिची धार काढणारी, बाळूची बायको सुमन.

सुमननं होकार द्यायला आठ दिवस घेतले आणि अटी घातल्या. नवरा जिवंत असताना कुंकू पुसणार नाही. मंगळसूत्र काढणार नाही. हिरव्या बांगड्या काढणार नाही. पांढरी साडी नेसणार नाही, फार तर मळखाऊ नेसेन. चित्रीकरण दुपारी दोन ते चार, कारण पहाटे उठून धार काढायची असते आणि रात्री तिला झोप येते. दादांनी सगळं मान्य केलं. शेतात तण मारायला अंथरतात तो काळा प्लास्टिकचा कागद गोठ्याच्या मागं मांडवासारखा ताणून त्यांनी भर दुपारी रात्र केली.

शेवटची अट अवघड होती. भुताचे केस मोकळे हवेत, हे सुमनला पटत होतं. पण सोपानदादा तिचे थोरले दीर. थोरल्या दिरासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, ही तिच्या घरची रीत, आणि मोकळे केस तर लांबच. “भावजी नसतील तितं मी काय पण करंन,” ती म्हणाली. “झाडाला उलटी लटकंन. पण भावजी म्होरं नकोत.”

“अगं, पण मीच दिग्दर्शक हाय.”

“ते मला म्हाईत न्हाई. तुमी भावजी हायसा.”

दादा आधी गवताच्या गंजीमागून दिग्दर्शन करायला लागले. पण त्यांचा चष्मा चकाकायचा. तो दिसला की सुमनचा हात आपसूक पदराकडं जायचा आणि भूत डोकं झाकून आडोशाला व्हायचं. मग कारखान्यांतून भंगारात येतात तसला एक निळा प्लास्टिकचा ड्रम त्यांनी आणला, तापल्या सळईनं त्याला डोळ्याच्या उंचीला भोक पाडलं आणि तो कॅमेऱ्याच्या मागं उभा केला. दादा अंगानं बारीक, बसले की मावायचे. वरून झाकण लावलं की चित्रीकरण सुरू. ड्रममधून घुमत आवाज यायचा, “म्हशीकडं बघू नको, सुमन. रागानं बघ.” ड्रम म्हणजे भावजी नव्हेत, एवढी सवलत सुमननं दिली.

कॅमेरा तळेगावच्या शिरीषकडं होता. पन्नाशीचा गृहस्थ, आयुष्यभर लग्नं चित्रित केलेली. भूत गोठ्यामागून बाहेर आलं की सवयीनं त्याच्या तोंडून जायचं, “वहिनी, इकडं बघा, जरा हसा.” दोन-तीनदा भूत हसलंही. आणि म्हशीचं निराळंच. मोकळ्या केसांची सुमन जवळ आली की तिला वाटायचं धारेची वेळ झाली. भूत दिसलं रे दिसलं की म्हैस पान्हा सोडायची. दादा ड्रममधून उसासा टाकायचे, तोही घुमायचा.

चित्रीकरणाच्या शेवटून दुसऱ्या दिवशी मी तिथं होते. चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्यांचं शुद्धलेखन पाहायला गेले होते आणि गंजीजवळ उभी होते. सुमन गोठ्यामागून निघाली. केस पाठीवर, चेहऱ्यावर खालून उजेड. त्या दिवशी ती हसली नाही, म्हैसही गप्प होती. ती चार पावलं पुढं आली. तेवढ्यात ड्रममध्ये काहीतरी धडपडलं, झाकण उडालं आणि सोपानदादा ताडकन उभे राहिले. ड्रमच्या बुडाशी मुंगळे निघाले होते.

सुमन जागच्या जागी थांबली. तिनं कॅमेऱ्याच्या वर, त्याच्या मागं पाहिलं. तिचा चेहरा क्षणभर रिकामा झाला. मग तिनं नजर खाली घातली, हात सावकाश खांद्याकडं नेला, पदर ओढून डोकं झाकलं आणि बाजूला वळून अंधारात, म्हणजे काळ्या कागदाच्या आड, निघून गेली. म्हशीनंही मान वळवून तिकडंच पाहिलं.

शिरीषनं कॅमेरा बंद केला नव्हता. “अक्षता पडेपर्यंत थांबायचं नाही, हा आपला नियम,” तो नंतर म्हणाला.

दादा मुंगळे झटकत म्हणाले, “रिवर्क. परत घ्या.”

पण सुमन परत आली नाही. घरात जाऊन तिनं वेणी घातली आणि आतून सांगितलं, “भावजींनी एकदा मला तसं बघितलंय. आता न्हाई.” तिची समजूत घालायला बाळू गेला, मग मी गेले. तिनं मला चहा दिला, पण केस सोडले नाहीत. राहिलेला एक प्रसंग तसाच राहिला आणि चित्रपट त्या चुकलेल्या तुकड्यावर संपवावा लागला.

सेन्सॉरचा दाखला आला त्या गुरुवारी दादा तो घेऊन वाचनालयात आले आणि त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. दाखल्यात लिहिलं होतं की हा चित्रपट सर्वांनी, लहान मुलांनीसुद्धा पाहायला हरकत नाही. “ताई,” ते म्हणाले, “म्हंजे कोनच घाबरणार न्हाई, असं सरकारनं लिहून दिलं.”

लोणावळ्यातल्या एका जुन्या थिएटरच्या मालकांनी शुक्रवारचा दुपारचा खेळ दिला. ते कंटाळलेले गृहस्थ होते. म्हणाले, “भुताचा आहे ना? मग मला एक तरी माणूस घाबरलेला दाखवा, मी पुरा आठवडा देतो. हसणारे काय, मोबाईलवर फुकट हसतात.” दादांना ही बोली आवडली. त्यांच्या आणि मालकांच्या मापात काही फरक नव्हता.

जाहिरातीचा फलक फाट्यावरच्या फ्लेक्सवाल्यानं केला. “भुताचा हाय, जरा गंभीर करा,” एवढंच दादांनी सांगितलं होतं. त्यानं कंपनीच्या ओळखपत्रावरचा दादांचा फोटो मोठा करून मधोमध घातला, भोवती काळी चौकट, कोपऱ्यात समई, आणि खाली ‘शोकाकुल: समस्त ग्रामस्थ’. ही शेवटची ओळ त्याच्या कॉम्प्युटरवर आदल्या कामातली राहून गेली होती. फलक गुरुवारी पहाटे लागला. आठ वाजल्यापासून दादांच्या दारात पांढऱ्या टोप्या जमू लागल्या. शेजारच्या गावचे एक आबा काठी टेकत सर्वांत आधी आले. दार दादांनीच उघडलं.

“कवा झालं?” आबांनी विचारलं.

“काय?”

“सोपानचं.”

“मीच सोपान, आबा.”

आबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं. “मग बोर्डावर काय लिवलंय?”

“पिक्चर हाय.”

“कुनाच्या मरणाचा?”

“एका बाईच्या.”

“मग फोटू तुजा कशापायी?”

दादा चहा सांगायला आत वळले. आबा म्हणाले, “आता आलोच हाय तर बसतो जरा,” आणि ओट्यावर टेकले. मागून आलेलेही बसले. माणूस समोर चहाचे कप वाटत फिरत होता आणि सगळे मान खाली घालून त्याच्यासाठी बसले होते. दादांनी मात्र प्रत्येकाला विचारून घेतलं, “बोर्ड बघून दचकला का?”

“दचकलो की. लय वाईट वाटलं,” आबा म्हणाले.

दादांनी ते लिहून घेतलं. मला सांगताना म्हणाले, “पण धरलं न्हाई, ताई. वळखीचे हायेत.”

शुक्रवारी परंदवडीचे लोक दोन पिकअप भरून लोणावळ्यात आले. सुमन आली नाही. भावजी बसलेत तिथं बसून आपलेच मोकळे केस कसे बघायचे, हा तिचा प्रश्न होता. थिएटर अर्धं भरलं. सगळ्यांत मागच्या रांगेत एक बाहेरगावचं जोडपं होतं. त्यांची गाडी दुरुस्तीला टाकली होती, बाहेर ऊन होतं आणि आत पंखे होते. मांडीवर चिक्कीची खोकी घेऊन ते बसले होते. दादांनी त्यांना हेरलं. कंपनीचा करडा गणवेश घालून, हातात फळी, फळीला तपासणी पत्रक आणि खिशात छोटी विजेरी अशा थाटात ते त्यांच्या रांगेमागच्या भिंतीशी उभे राहिले. पडद्याकडं त्यांची नजर नव्हती. ते डोकी बघत होते.

चित्रपट सुरू झाला आणि लोकांनी माणसं ओळखायला सुरुवात केली. “आरं, ह्यो आपला दिन्या.” “दिन्या, पळ की, तुज्यामागं सुमी हाय.” भूत पहिल्यांदा दिसलं तेव्हा टाळ्या पडल्या. “सुमे, पेंड घातलीस का?” असं कुणीतरी विचारलं आणि पडद्यावरच्या म्हशीनं नेमकी तेव्हाच मान हलवली. त्यानंतर लोक आवरेनात. मी त्या जोडप्याच्या पुढच्या रांगेत कडेच्या खुर्चीवर होते. अधूनमधून मागं पाही. दादा प्रत्येक प्रसंगापुढं खूण करत होते आणि त्यांचा हात एकाच रकान्यात चालला होता.

मग शेवटचा तुकडा आला. सुमन गोठ्यामागून चार पावलं आली, थांबली. तिनं सगळ्या थिएटरच्या डोक्यावरून, मागं कुठंतरी पाहिलं. नजर खाली घातली आणि हात सावकाश खांद्याकडं नेला.

“भावजी आलं, भावजी,” पुढच्या रांगा ओरडल्या. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काय घडलं होतं ते गावात सगळ्यांना माहीत होतं.

मागच्या रांगेतल्या बाईंना ते माहीत नव्हतं. त्या हसल्या नाहीत. सुमननं डोकं झाकलं तेव्हा त्यांनी नवऱ्याचं मनगट धरलेलं मी पाहिलं. त्या हळूच म्हणाल्या, “वो किसको देख रही है? पीछे कौन है?” आणि त्या मागं वळल्या.

त्याच क्षणी दादांनी निकाल लिहायला फळीवर, हनुवटीखाली विजेरी पेटवली.

बाईंची किंकाळी बाहेर चिक्कीच्या दुकानापर्यंत गेली असं म्हणतात. चिक्कीची खोकी उडाली. दादा चेहऱ्यावर तोच खालून उजेड घेऊन त्यांना समजावत होते, “बसा, बसा. काय न्हाई.” त्यामुळे नवराही ओरडला.

मालक धावत आले. प्रकार कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. “वा, घाबरवलंत की. दिला आठवडा,” ते म्हणाले.

दादा पत्रकाकडं पाहत उभे होते. “न्हाई साहेब. हे धरता येत न्हाई.”

“काय धरता येत नाही?”

“बाई पिक्चरला घाबरल्या का मला, हे ठरत न्हाई.”

“मला त्यानं काय फरक पडतो?”

“मला पडतो,” दादा म्हणाले आणि त्यांनी निकालाच्या रकान्यात होल्ड लिहिलं. मालकांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं की या माणसाचं घरी कुणी आहे का, असं त्यांना विचारायचं असावं. शनिवारी तिथं दुसरा चित्रपट लागला.

संध्याकाळच्या लोकलला मी त्यांना सोडायला गेले. “त्या वळल्या होत्या, दादा,” मी म्हणाले. “तुमची विजेरी पेटण्याआधी वळल्या होत्या. मी पाहिलं.”

“वळणं म्हंजे दचकणं न्हाई. पुढं दचकल्याच असत्या, असं मला वाटतंय. पण वाटतंय म्हणून ठिपका देत न्हाईत, ताई. माप घेताना माझाच धक्का लागला.” गाडी आली तेव्हा ते म्हणाले, “होल्ड म्हंजे रिजेक्ट न्हाई.” डब्यात चढून परत दाराशी आले. “तुमी दचकला का?”

“मी तर गंजीपाशी उभी होते, दादा. मला सगळं माहीत होतं.”

“व्हय. तुमी पण आता गावातल्याच झाला,” ते म्हणाले. ते पत्रक त्यांनी माझ्याकडं ठेवायला दिलं. घरी कुणी त्यावर धुण्याचा हिशेब लिहील, अशी त्यांना काळजी होती.

पुढं शिरीषनं चित्रपट इंटरनेटवर टाकला. लोकांनी खाली हसरे चेहरे चिकटवले. एकानं म्हैस कोणत्या जातीची आणि दूध किती देते हे विचारलं, त्याला दादांनी सविस्तर उत्तर दिलं. दुसरा चित्रपट काढायचं ते कधी बोलले नाहीत. पहिलाच अजून फळीवर आहे, म्हणायचे. दर गुरुवारी येत राहिले, वाचत राहिले, न दचकता परत जात राहिले.

त्या बुधवारनंतर फाट्यावर पुन्हा फलक लागला. फ्लेक्सवाल्याकडं फोटो होताच. काळी चौकट, समई, समस्त ग्रामस्थ. दोघांनी त्याच्या दुकानात येऊन विचारलं की या खेपेला कुठल्या थिएटरला आहे. आबा तिसऱ्या दिवशी आले. “मला वाटलं, दुसरा पिक्चर,” ते म्हणाले आणि ओट्यावर त्याच जागी बसले. या वेळी चहा बाळूनं दिला.

तेरावा झाल्यावर मी ते पत्रक घेऊन परंदवडीला गेले. घरच्यांना द्यावं असं मनात होतं. घरी पाहुणे होते म्हणून मी गोठ्याकडं गेले. सुमन धार काढून उठत होती. तिनं हात पुसले आणि विचारलं, “ताई, तुमच्या फोनवर हाय का त्यो?”

“पाहायचाय?”

“शेवटचं तेवढं. मी कवा बघितलंच न्हाई. आता भावजी न्हाईत, तर बघते.”

आम्ही दोघी गोठ्यामागं दगडावर बसलो. उजेड होता. मी फोन तिच्या हातात दिला. पडद्यावर ती चार पावलं आली, थांबली, आमच्या मागं वरच्या बाजूला पाहिलं आणि नजर खाली घातली. आवाज नव्हता. सुमन फोन धरून बघत होती. तिकडं पडद्यावर हात खांद्याकडं गेला, तेव्हा इकडं दगडावर बसलेल्या सुमनचाही हात खांद्याकडं गेला. तिनं पदर ओढून डोकं झाकलं आणि अंग थोडं बाजूला वळवलं.

मी मागं पाहिलं. विचार करून पाहिलं नाही, मान वळली. माझ्या हातात सुमनचं मनगट होतं. आयुष्यात मी भुताची पुष्कळ पुस्तकं वाचली आहेत, असं कधी झालं नव्हतं.

मागं निळा ड्रम होता. सुमन आता त्यात म्हशीसाठी पाणी भरते. डोळ्याच्या उंचीला भोक आहे, त्यामुळे तो तिथपर्यंतच भरतो.

पत्रक मी कुणाला दिलं नाही. ते वाचनालयात माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी त्यावर काही लिहिलेलं नाही. मी गावातली, माझं दचकणं धरत नाहीत. निकालाच्या रकान्यात होल्ड आहे.